मुकादमला मनाई

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. भाषणकलेच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, विचार सुटसुटीत होतात. माझे विचार मुळातच सुटसुटीत आहेत. पण शिस्त म्हणून लिहितोय.

क्लासमध्ये आम्ही नऊ जण. शाळेच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो. बाई पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या, त्यामुळे त्या 'खिडकी लावा' म्हणाल्या तरी काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटतं. सगळ्यांत घाबरट एक दातांचा डॉक्टर. म्हणे, समोरच्याच्या तोंडात कापूस असेल तरच त्याला मोकळेपणानं बोलता येतं. मला भीतीबिती नाही. गालिच्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं बोलूनच माल विकतोय. जूनपासून मॅनेजर होणार, स्टाफसमोर उभं राहावं लागेल, म्हणून थोडं पॉलिश. एवढंच.

तीन आठवड्यांनी प्रत्येकाचं पाच मिनिटांचं भाषण. बाकीचे विषय शोधत पेन चावत बसले. मी तिथल्या तिथे सांगून टाकला: सर्व्हिस डॉग. मटेरियल घरातच आहे. आत्ता गालिच्यावर पसरून घोरतंय.

४ मार्च, बुधवार
मटेरियलचं नाव मुकादम. काळा लॅब्रॅडॉर. माझ्या ताईचा. ताईची नजर पस्तिशीत गेली. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी करायची, दोन खोल्यांत एकटी राहायची. आठ वर्षांपूर्वी एका संस्थेनं तिला हा वाटाड्या कुत्रा दिला. थांब म्हणजे थांब, चल म्हणजे चल, असा रुबाब करायचा म्हणून तिनं नाव ठेवलं मुकादम.

जानेवारीत ताई गेली. झोपेतच. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले.

संस्थेनं विचारलं, पुढची सोय होईपर्यंत कुत्रा ठेवाल का? ठेवला. तात्पुरता. मला कुत्र्यांची आवड नाही हे बायकोला पक्कं माहीत आहे. सकाळी अर्धं ऑम्लेट त्याला दिलं ते फक्त जास्त झालं होतं म्हणून. उद्यापासून दोनच अंडी करायला सांगितलंय. बायको म्हणाली, आजही दोनच होती.

८ मार्च, रविवार
भाषणाचा आराखडा तयार. फोकस: इतिहास. महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक, त्यांच्यासाठी निघालेल्या पहिल्या शाळा, तिथून थेट आजपर्यंत. अकरा पानं झाली. भराभर बोललो की बसेल.

बायकोला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ती भाजी चिरायला उठली. मुकादम शेवटपर्यंत बसला होता. श्रोता म्हणून उजवा.

१० मार्च, मंगळवार
बाई म्हणाल्या, पाच मिनिटांत दोन महायुद्धं कशी मावतील? विषयाचा एकच कोपरा धरा. मी म्हटलं, कोपरे अनेक आहेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच एक.

ठीक आहे. नवा फोकस: ट्रेनिंग. पिल्लू कसं निवडतात, कसं शिकवतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, मालकाचा चुकीचा हुकूम न पाळायला कसं शिकवतात. मालक 'चल' म्हणाला, पण समोरून गाडी येत असेल, तर कुत्रा हलत नाही. याला मी नाव दिलंय 'शहाणा नकार'. टाळ्या इथे पडणार.

१४ मार्च, शनिवार
प्रयोग केला. मुकादमला त्याचा पट्टा चढवला, हँडल हातात धरलं, डोळे घट्ट मिटले आणि कोपऱ्यापर्यंत चाललो. पहिली वीस पावलं फारच झकास. मग तो थांबला. मी 'चल' म्हटलं. नाही. पुन्हा म्हटलं, जरा मॅनेजरच्या आवाजात. हलेना. याचं वय झालंय असं म्हणत डोळे उघडले, तर पुढ्यात रस्ता खणलेला. कमरेइतका खड्डा.

घरी येऊन पाणी प्यायलो. चार ग्लास. ऊन फार होतं.

ताई सहा वर्षं रोज अशी कामावर जायची. नाही, आठ. आठ वर्षं. सहा वर्षांचा हिशेब वेगळा आहे, त्याचा इथे संबंध नाही.

१७ मार्च, मंगळवार
क्लासमध्ये ट्रेनिंगवर बोलून दाखवलं. खड्ड्याचा किस्साही टाकला, फक्त 'एक गृहस्थ' म्हणून. हशा मिळाला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, कुत्रा कळला, पण हँडल कोणाच्या हातात होतं? मी म्हटलं, सर्वसाधारणपणे अंध व्यक्तीच्या. त्या म्हणाल्या, सर्वसाधारण माणसावर भाषण होत नाही हो.

डॉक्टरनं मधल्या सुट्टीत हळूच विचारलं, तुमच्या ओळखीत कोणी होतं का? मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, मग तिच्याबद्दल बोला ना. दातांच्या डॉक्टरनं भाषणावर सल्ला द्यावा म्हणजे कमालच झाली.

१८ मार्च, बुधवार, सकाळी
सापडला! फोकस सापडला. कामावर जाताना सुचला.

'प्रवेश नाही.' वाटाड्या कुत्र्याला दारात अडवणारी माणसं! रेस्टॉरंटवाले, टॅक्सीवाले, दुकानदार. कुत्र्याला अडवणं म्हणजे माणसाला अडवणं. हे वाक्य माझंच आहे, मलाच काटा आला. ताईला असे अनुभव नक्की आलेले असणार. त्वेषानं बोलायचं. टेबलावर मूठ आपटायची, एकदाच.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला फोकस सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली. म्हणाली, यावर तुम्ही बोलणार?

मी म्हटलं, का नाही?

ती म्हणाली, ताईंना आपल्याकडे यायला मनाई कोणी केली होती?

तिला नीट समजावलं. सहा वर्षांपूर्वी परिस्थिती वेगळी होती. सोसायटीचा नियम होता, इमारतीत कुत्रे आणायचे नाहीत. मी ताईला फोनवर तसं कळवलं. नाइलाज होता. माझ्या हातात असतं तर गोष्ट निराळी.

बायको म्हणाली, नियम नव्हता. दुसऱ्या मजल्यावर तेव्हाही दोन कुत्रे होते. तुम्ही नवा क्रीम रंगाचा गालिचा आणला होता, आणि मुकादम पावसातून आला होता.

ते दोन कुत्रे अगदी छोटे आहेत. ते हिशेबात धरता येत नाहीत. आणि नियम तोंडी होता, सेक्रेटरीनं जिन्यात सांगितला होता. बहुधा जिन्यात. बायकोची स्मरणशक्ती हल्ली दगा देते.

ती शेवटी म्हणाली, तेव्हा मीही गप्प बसले, ते माझं मला. आणि घड्या उचलून आत गेली. माझे शर्ट बाहेरच राहिले.

१९ मार्च, गुरुवार
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ताईला येऊ नको असं मी म्हटलेलं नाही. कुत्र्याला आणू नको म्हटलं. मी घ्यायला येईन, मी सोडायला येईन, असंही म्हटलं होतं. रविवारी दुकानात गर्दी असते. दोनदा गेलो होतो घ्यायला. का एकदा.

फोन मात्र नियमित होते. ताईचे.

२१ मार्च, शनिवार
संस्थेच्या ट्रेनरबाई उद्या येणार. मुकादमचं पुढं काय ते ठरवायला. ताईची फाइल घेऊन येतील. त्यात भाषणासाठी मसाला मिळेल.

दुसरं म्हणजे, मी विचार केला. दहा वर्षांच्या कुत्र्याला पुन्हा घर बदलायला लावणं बरं नाही. संस्थेनं विनंती केली तर मी त्याला ठेवून घ्यायला तयार आहे. आवडीचा प्रश्न नाही, सोयीचा आहे. बायकोला सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. मुकादमसाठी नवी गादी आणली. तिच्यावर बसायला तयार नाही, पण बसेल.

२२ मार्च, रविवार
ट्रेनरबाई अकराला आल्या. मुकादम त्यांना ओळखून इतका नाचला की टीपॉयवरचा कप गेला. चालू दे म्हटलं.

फाइल दिली वाचायला. ताई दर वर्षी संस्थेला अहवाल पाठवायची, टाइप करून. कुठे कुठे अडवलं त्याची यादी. एक रेस्टॉरंट. दोन टॅक्सीवाले. आणि एक डोळ्यांचा दवाखाना! डोळ्यांचा! मी भराभर उतरवून घेत होतो. भाषण जवळपास तिथेच लिहून झालं.

मग मी ठेवून घेण्याचं बोललो. ट्रेनरबाई जरा अडखळल्या. म्हणाल्या, फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: 'आपल्या पश्चात कुत्रा कोणाकडे द्यावा?' तुमच्या ताईंनी टेलिफोन बोर्डावरच्या त्यांच्या मैत्रिणीचं नाव दिलंय. तिला विचारलंय, ती वाट बघतेय.

मी म्हटलं, पण सख्खा भाऊ असताना?

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. खाली ताईची सही, ती नेहमी करायची तशी, ओळ सोडून वर चढलेली. वर टाइप केलेलं:

'माझा धाकटा भाऊ प्रेमळ आहे. पण त्याच्या इमारतीत कुत्र्यांना मनाई आहे. नियम कडक आहेत. त्याचा नाइलाज आहे. कृपया त्याला आग्रह करू नये.'

मी दोनदा वाचलं. ट्रेनरबाईंनी गालिच्यावर पसरलेल्या मुकादमकडे पाहिलं आणि सहज विचारलं, नियम बदलला का?

मी म्हणालो, हो. अलीकडेच.

बायको दारात उभी होती.

बाराला मुकादमला घेऊन गेल्या. गादी न्यायला विसरल्या.

२३ मार्च, सोमवार
दुकानात एका गिऱ्हाइकानं क्रीम रंगाचा गालिचा मागितला. मी म्हटलं, डाग फार दिसतात, घेऊ नका. मालकांनी ऐकलं. सकाळी फिरायला जायची सवय लागली होती. एकटाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. खड्डा बुजवलाय.

ठरवलंय: उद्या भाषणात सगळं सांगायचं. रेस्टॉरंट, टॅक्सी, दवाखाना आणि चौथं ठिकाण. चौथं शेवटी. मोठ्या मनानं कबूल करायचं. लोकांना भिडेल.

२४ मार्च, मंगळवार
भाषण झालं. चार मिनिटं पन्नास सेकंद.

रेस्टॉरंट झालं. टॅक्सी झाल्या. दवाखान्याच्या वेळी मूठ आपटली, आवाज चांगला आला. मग 'आणि चौथं ठिकाण' असं म्हणालो. सगळे बघत होते. मी म्हणालो, 'चौथं ठिकाण म्हणजे आपला समाज.' आणि आभार मानून बसलो.

खूप टाळ्या. बाई म्हणाल्या, आता फोकस सापडला. मग त्यांनी विचारलं, या सगळ्यांत ताईंना जास्त काय लागलं असेल?

मी म्हणालो, रेस्टॉरंट.

माझ्यानंतर डॉक्टर उभा राहिला. विषय त्याचे वडील. दोनच वाक्यं बोलला, मग हातातल्या कागदाची घडी करत तसाच उभा राहिला आणि खाली बसला. त्यालाही टाळ्या दिल्या लोकांनी. माझ्याइतक्याच. क्लासचं स्टँडर्ड राहिलं नाही.

बायकोनं विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, वेळ संपली.

२९ मार्च, रविवार
गादी पोचवायला टेलिफोनवाल्या मैत्रिणीकडे गेलो. फक्त गादी द्यायची आणि निघायचं, असं ठरवून. तळमजल्यावरची लहानशी खोली. तिनं दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत बोलून गेलो. म्हणालो, इमारतीत नियम नव्हता. मी खोटं सांगितलं होतं. का, ते विचारू नका.

ती म्हणाली, ताईंना माहीत होतं.

मी विचारलं, कसं?

म्हणाली, तुमचा फोन आला त्याच्या पुढच्या महिन्यात त्या तुमच्याकडे आल्या होत्या. मुकादमला घेऊन. वॉचमनला म्हणाल्या, कुत्र्याला खालीच ठेवते आणि पाच मिनिटं भेटून येते. त्यानं सांगितलं, वर घेऊन जा की बाई, इथे कुत्र्यांना कोण अडवतंय? मग त्या वर आल्याच नाहीत. तशाच परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी बोर्डावर मला म्हणाल्या, त्याचा गालिचा नवा आहे गं, त्याचा जीव आहे त्याच्यात.

मी विचारलं, मग फॉर्मवर नियम कडक आहेत असं का लिहिलं?

ती म्हणाली, टाइप मीच केलंय. मीही हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कागद संस्थेत कायम राहणार, त्याच्यावर माझ्या भावाचं वाईट कशाला?

मुकादम आतून आला. माझा हात हुंगला, शेपूट दोनदा हलवली आणि परत तिच्या पलंगाखाली जाऊन पडला.

ती म्हणाली, आत या, चहा टाकते. मी म्हटलं, नको, बुटांना चिखल आहे. ती म्हणाली, असू दे, फरशी आहे, पुसता येते.

आत गेलो. चहा घेतला. अर्धा तास बसलो. ताईच्या त्या दोन खोल्यांत मी इतका वेळ शेवटचा कधी बसलो होतो, ते घरी आल्यापासून आठवतोय. बायकोलाही विचारलं. तिलाही आठवत नाही.