गाडी कोणी दुरुस्त केली?

४ मार्च
ट्रकने आज पार शोभा केली. सिग्नलला उभा राहिला की हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो — मागचं कपाट खडखड वाजत होतं, आणि कपाटाची मालकीण शेजारी बसून माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच थरथरतोय! चढावर तर जीवच नाही. म्हातारा झालाय, पेट्रोल ढोसतो. पण लोकांची बिऱ्हाडं हलवून आमचं बिऱ्हाड याच्यावरच चालतं.

५ मार्च
मिस्त्रीकडे नेला. त्याने गेज लावलं. इंजिन आत किती जोराने ओढ घेतं ते त्यावर कळतं — व्हॅक्यूम म्हणतात. काटा खालीच लोळत होता. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल," म्हणाला आणि हात पुसले. आशा सोडलेल्या डॉक्टरसारखे.
घरी धाकटी म्हणाली, "बाबा, मला बघू द्या ना." गाड्यांचा कोर्स केलाय तिने. मी म्हटलं, "हे पुस्तकातलं काम नाही."

७ मार्च
बायकोने फैलावर घेतलं — "अहो, परक्याच्या हातात देता आणि पोटच्या पोरीला हात लावू देत नाही?" दिला मग. पण घरामागे उभा केला. रस्त्यावरून दिसू नये म्हणून. हे इथेच लिहू शकतो.
धाकटीने आधी सायलेन्सर बघितला. "रिंगा गेल्या असत्या तर निळा धूर आला असता. दिसतोय?" नव्हता. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनच्या जोडांवरून फिरवत राहिली. डॉक्टरीणबाई! एका जागी थांबली. "बाबा, या. ऐका." मी कान लावला — फुस्स! तिथून हवा चोरून आत शिरत होती. तिने त्या जोडावर पाण्याचा फवारा मारला, तर इंजिन क्षणभर सुतासारखं सरळ. मग परत थरथर.
"पॅकिंग फाटलंय," म्हणाली. "एवढंच."

८ मार्च
नवीन पॅकिंग बसलं. काटा वर चढला, तरी बाईसाहेबांचं समाधान नाही. "ठिणगी उशिरा पडतेय." ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला. काटा आणखी चढला आणि थांबला. अगदी स्थिर! इंजिन इतकं शांत की बायको बाहेर येऊन विचारते, "बंद पडला का हो?" धाकटी खळखळून हसली. गालावर ग्रीसचा पट्टा. तिला जवळ घ्यावंसं वाटलं.
"बरं झालं," एवढंच म्हटलं.

१० मार्च
लिहायला हात धजत नाही.
दुपारी ट्रक स्टँडवर लावला. धाकटी सोबत होती, केबिनमध्ये बसलेली. सगळे जमले. टकल्या ड्रायव्हर म्हणाला, "काय रे, नवं इंजिन टाकलंस की काय? कोणी केलं?" आणि माझ्या तोंडून निघालं — "मिस्त्रीने. दुसरं कोण करणार?"
का? कोणी दटावलं होतं? नाही. फक्त हसतील असं वाटलं. पोरगी बॉनेटमध्ये डोकं घालते म्हणून. काच खाली होती. तिने ऐकलं. परत येताना ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि ट्रक, मेला, लोण्यासारखा चालत होता.

११ मार्च
दिवसभरात तिच्याशी बोलणं एवढंच: "हो", "नाही", "भात वाढू?"

१४ मार्च
मिस्त्री घरी आला! तणतणत. "स्टँडवरचे चौघे येऊन गेले. म्हणे, याचा ट्रक केलास तसा आमचाही कर. मी काय केलं तेच मला माहीत नाही! इंजिन तर मी उतरवलंच नाही. कोणी हात लावला?"
बायको माझ्याकडे बघत होती. धाकटी दारात. आता तरी बोलावं की नाही माणसाने! शेवटी तीच म्हणाली, "मी."
मिस्त्रीने ट्रक चालू करायला लावला. बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. "रिंगांचं निदान माझं चुकलं," म्हणाला. सरळ, सगळ्यांदेखत. त्याला जमलं ते. मग तिला म्हणाला, "गॅरेजवर येशील कामाला?"
तिने मला विचारलं नाही. "उद्यापासून येते," म्हणाली.

१९ मार्च
आज हिय्या केला. स्टँडवर टकल्याला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं — ट्रक माझ्या मुलीने नीट केला, मी खोटं बोललो. तो चहा पिता पिता म्हणाला, "कळलं होतं रे. मिस्त्री गावभर सांगत सुटलाय. आम्ही वाट बघत होतो, तू कधी बोलतोस त्याची." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
तिला अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

२४ मार्च
क्लच घसरतोय. ट्रक गॅरेजवर नेला. धाकटी एका गाडीखालून बाहेर आली. त्या गाडीवाल्याने सहज विचारलं, "हे कोण? तुमच्या घरचे का?"
"नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहेत." आणि मला म्हणाली, "काका, तुमचा नंबर यायचाय. बसा थोडा वेळ."
बसलो.