शांत माणूस, थेट थर्ड इयरला

२० सप्टेंबर २००४, कार्डिफ
एचएनडी बिझनेसला, म्हणजे इथल्या डिप्लोमाला, नाव घातलं. प्लॅन सोपा. दोन वर्षं कॉलेजात, मग थेट युनिव्हर्सिटीत थर्ड इयर, डिग्री हातात. बाकीचे तीन वर्षं युनिव्हर्सिटीत घासतात, मूर्ख लेकाचे.

बायकोच्या, मंजिरीच्या, व्हिसावर इथे आलो. तिला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी, आणि मी काय नुसतं सान्वीला शाळेतून आणायचं? पुण्यातली नोकरी मीच सोडली होती. साहेबांशी तात्त्विक मतभेद झाले, मध्ये स्टेपलर आला.

प्लॅनचा चार्ट किचनमध्ये लावला. खिळा वाकला, म्हणून हातोडी जरा जोरात बसली. थोडं प्लास्टर निघालं. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या.

संकल्प: रागवायचं नाही. खरं तर लिहायची गरज नाही. मी मुळात शांत माणूस आहे.

४ ऑक्टोबर
ट्यूटर मिसेस प्रोबर्ट. थर्ड इयरला जायचं तर सगळ्या विषयांत मेरिट हवं आणि तिचा रेफरन्स हवा, म्हणाली. रेफरन्समध्ये युनिव्हर्सिटी मुद्दाम विचारते की हा माणूस इतरांबरोबर कसा वागतो. हसूच आलं. तिथे तर मला पैकीच्या पैकी!

सासऱ्यांचा नागपूरहून फोन. कॉलनीत सांगून मोकळे झालेत, जावई युनिव्हर्सिटीत आहेत म्हणून. म्हटलं, बाबा, दोन वर्षं थांबा. म्हणाले, दोन वर्षांचं काय घेऊन बसलात, यतीनराव.

१२ नोव्हेंबर
कॉलेजच्या मशीनमध्ये चॉकलेट अर्धं बाहेर येऊन लटकलं. आधी विनंती केली. मग मशीनला पाय लागला. मग खांदा लागला. मग परत पाय. काच अगदीच तकलादू निघाली.

मिसेस प्रोबर्टने बोलावून घेतलं. फार हळू आवाजात बोलते बाई. हात बँडेजात होता, तरी मी हसतमुख. म्हणाली, ही पहिली वॉर्निंग समजा. समजलो. चॉकलेट मात्र मिळालं.

२१ जानेवारी २००५
मार्केटिंगचं असाइनमेंट आज चारपर्यंत द्यायचं होतं. दीड वाजता प्रिंटरने कागद खाल्ला. सव्वादोनला परत खाल्ला. मी त्याच्याशी मराठीत बोललो. त्यानंतर तो खिडकीतून खाली गेला. खिडकी मंजिरीने उघडी ठेवली होती, म्हणजे मुळात चूक कोणाची?

शेजारच्या म्हाताऱ्याच्या बागेतला शोभेचा मातीचा बुटका पुतळा त्याखाली गेला. मान तुटली. मी माफी मागायला गेलो तर म्हाताऱ्याने दारच उघडलं नाही, आतून पत्रपेटीच्या फटीतून बोलला. हे लोक जरा तुटकच.

असाइनमेंट लायब्ररीतून छापलं. मेरिट नक्की! प्लॅनप्रमाणे चाललंय.

९ मार्च
मंजिरीने काचेच्या प्लेट्स सगळ्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि प्लास्टिकच्या आणल्या. पिकनिकचा बेत दिसतो. चला, बायको अभ्यासू नवऱ्यावर खूश आहे.

सान्वीलाही वळण लागतंय. दारात माझी किल्ली वाजली की टीव्ही बंद करून खोलीत जाते. सात वर्षांची पोर, पण काय शिस्त! आम्हाला असं सांगावं लागायचं.

१४ ऑक्टोबर
सेकंड इयर. ग्रुप प्रोजेक्ट. माझ्या ग्रुपात कॅलम नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. मीटिंगला पाऊण तास उशिरा आला, क्रिस्प्स, म्हणजे आपले वेफर्स, खात. मला मेट म्हणाला, म्हणजे दोस्त. मी काय याचा मेट? वयाने बाप लागतो, निदान काका.

कानाखाली जाळ काढावासा वाटला. नाही काढला. फक्त क्रिस्प्सचं पाकीट घेऊन पायाखाली तुडवलं. संयम म्हणतात तो हाच.

२ डिसेंबर
निबंधाचा विषय: कामाच्या ठिकाणचे संघर्ष कसे हाताळावेत. डिस्टिंक्शन मिळालं!! वर्गात मला एकट्यालाच. मिसेस प्रोबर्टने पेपर देताना माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कौतुक होतं. म्हणाली, तुम्हाला सगळं माहीत आहे, यतीन. म्हटलं, हो ना.

घरी येऊन सांगितलं. मंजिरीने निबंध पूर्ण वाचला, अगदी शेवटपर्यंत, आणि थेट आंघोळीला गेली. भारावली असणार. बाहेर आली तर डोळे लाल. शांपू.

१७ फेब्रुवारी २००६
सकाळ. आज प्रेझेंटेशन. विषय निबंधाचाच. युनिव्हर्सिटीची अॅडमिशनवाली बाई बघायला येणार आहे. म्हणजे ठरलंच म्हणायचं. नवा टाय.

त्याच दिवशी, दुपार, पोलीस स्टेशन
गैरसमज झालाय.

स्लाइड्स कॅलमकडे होत्या. हा बाबा वीस मिनिटं उशिरा आला आणि म्हणाला, पेन ड्राइव्ह घरी राहिला. वर हसून म्हणाला, रिलॅक्स, मेट. मी माझ्याकडची जुनी कॉपी लावली, सुरू केलं. पहिला मुद्दा, समोरच्याचं ऐकून घ्या. हा मागे उभा राहून हसतोय. डोकं सटकलं. म्हणजे मी वळलो, आणि वळताना त्याच्या नाकाला माझं कोपर लागलं. मग मूठ लागली. दोनदा. प्रोजेक्टर आपणहून पडला.

रक्त फार निघालं. पोरगं जमिनीवर बसून आईला फोन लावत होतं आणि त्याला नंबर दाबता येत नव्हता. तेवढं बघून मात्र मी ग्लास भरला. पाणी द्यायला पुढे गेलो तर तो टेबलाखाली सरकला. मी पाणीच देत होतो.

पोलीस सभ्य आहेत. चहा दिला. प्लास्टिकच्या कपात.

२० एप्रिल
कोर्ट. कॅलमचं नाक दोन ठिकाणी मोडलं होतं, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. फोटोही होते. फोटोत सगळं जास्तच दिसतं. तुरुंगाऐवजी कम्युनिटी ऑर्डर मिळाली, त्यात राग आवरण्याचा क्लास सक्तीचा. मला! कॉलेजने काढून टाकलं. मिसेस प्रोबर्ट रेफरन्स देणार नाही. मी एकदाच फोन केला, हळू आवाजात. ती म्हणाली, मी तुम्हाला घाबरते, यतीन. मी ओरडलो, घाबरण्यासारखं काय आहे माझ्यात!

युनिव्हर्सिटीचं नकाराचं पत्रही आलं. उघडताना फाटलं. उरलेलं टोस्टरमध्ये गेलं. टोस्टरही गेला.

१३ जून
देव आहे! राग आवरण्याच्या क्लाससाठी त्यांनी हॉल घेतलाय तो चक्क युनिव्हर्सिटीत. बिझनेस स्कूलच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. दर मंगळवारी. म्हणजे दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत जाणार म्हणालो होतो, चाललोय की नाही?

सासऱ्यांना फोन केला, प्रवेश मिळाला. त्यांनी कॉलनीत संत्रा बर्फी वाटली. मंजिरी समोरच उभी होती. बाबांना खरं सांग, म्हणाली. मी म्हटलं, यात खोटं काय आहे ते दाखव.

नवा चार्ट केला. क्लास, मग सर्टिफिकेट, मग ते दाखवून थर्ड इयर. भिंतीवर लावायला हात वर केला, तर सान्वी सोफ्यामागे जाऊन डोक्यावर हात घेऊन बसली. विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, बाबा, तुझी हात वर गेला. म्हटलं, तुझा हात. हिचं मराठी सुधारायला हवं. मी तिला आजवर बोटही लावलेलं नाही.

मंजिरी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. चार्ट जरा तिरका लागला.

२० जून
क्लासचा पहिला दिवस. टाय घातला. तिसऱ्या मजल्यावर गोल करून खुर्च्या. शेजारी एक वेल्डर होता, त्याने सासऱ्याची गाडी पेटवली होती. तसा शांत वाटला. प्रत्येकाने सांगायचं होतं, घरी आपल्याला कोण घाबरतं. मी म्हटलं, कोणी नाही.

घरी आलो. मंजिरी आणि सान्वी नाहीत. फोन केला तर मंजिरीच्या लीलावतीमावशींनी उचलला, लंडनमधल्या हॅरोहून. त्या दोघी इथेच राहणार आहेत, म्हणाल्या. मी म्हटलं, सान्वीची शाळा चालू आहे. म्हणाल्या, शाळा इथेही आहेत, यतीन. मंजिरीला द्या म्हटलं. ती आली नाही.

घर फार शांत आहे. मी शांत माणूस आहे, पण इतकं नको होतं.

जेवायला वाढून घ्यायला गेलो तर वरची फळी रिकामी. काचेच्या प्लेट्स घेऊन गेल्यात. प्लास्टिकच्या मला ठेवल्यात.

एक आपटली. नाही फुटली. परत आपटली. मग धुऊन जागेवर ठेवली.