अंगठीचं पिवळं पाणी

नेर, ३ डिसेंबर १९६०
आजपासून भटकणं बंद. साक्षगंध झालं, माणूस जबाबदार झाला. सासरे पुंडलिकराव राळेगावचे. त्यांनी स्वतः माझ्या बोटात सोन्याची अंगठी घातली. त्यांची कौसल्या एकदाच वर पाहून हसली. मला की अंगठीला, कळलं नाही. मलाच.

६ डिसेंबर
सायकलवर यवतमाळला गेलो, लग्नाचे कपडे शिवायला. रामलालच्या फोटो स्टुडिओत अडकलो. त्याच्याकडे गोल्ड क्लोराइडची बोटाएवढी बाटली आहे. फोटो त्यात बुडवला की वर्षानुवर्षं टिकतो. रामलाल म्हणे, सोन्याची सगळी औषधं, इंजेक्शनं याच्यापासूनच सुरू होतात, पण मुंबईचा माल बंद आहे. हे बनतं कशाचं, विचारलं. म्हणे, सोनं आन् दोन तेजाबं. मी बोटाकडे पाहिलं.
कपडे राहिले.

९ डिसेंबर, सकाळी
योजना पक्की. विदर्भ गोल्ड केमिकल्स. अंगठी हे फक्त भांडवल. लग्न वैशाखात, तोवर एकीच्या दोन होतील.

संध्याकाळी
सोनाराकडून तेजाबं आणली. शेतात, मायच्या लोणच्याच्या बरणीत प्रयोग. पिवळा धूर, खोकला. बैलानं दावं तोडलं. पण अंगठी विरघळली. तळाशी पांढरा गाळ राहिला, तो फेकला. आपल्याला शुद्ध माल पाहिजे. पिवळं पाणी एरंडेलाच्या बाटलीत, वर लाकडी बूच.

१० डिसेंबर
पिवळं पाणी लागलं तिथं बोटं जांभळी झाली. साबण, राख, रॉकेल, काही चालत नाही. माय म्हणे, या दिवसांत तुले जांभळं कुठं भेटली रे? अंगठीचंही विचारलं. जपून ठेवली म्हटलं. खोटं नाही. बाटली घरातल्या कापसाच्या ढिगात खुपसली आहे.

१२ डिसेंबर
आज बाटली रामलालला देणार होतो. पण घाटंजीला टुरिंग टॉकीज आलंय. आधी ते. सोनं काही नासत नाही.

१९ डिसेंबर
टॉकीजवाल्यांसोबत दारव्ह्यापर्यंत गेलतो. अनुभव वाढला. घरी आलो तर कापूस विकला गेलेला आणि बाटली कोपऱ्यात रिकामी. तेजाबानं बूच खाल्लं. माय म्हणे, तळचा कापूस जांभळा निघाला, व्यापारी घेईना, टाकाचा कायले, मी त्याची उशी शिवली.
घाबरायचं कारण नाही. उशी जाळायची, राखेत सोनं मिळेल. उद्या.

२१ डिसेंबर
काल पतंगात गेला. आज पुंडलिकराव आले. माझ्या बोटांची बातमी राळेगावपर्यंत गेली होती. मायनं तीच उशी त्यांच्या पाठीला दिली. रेलून म्हणे, जावईबुवा, अंगठी दिसून नाही राह्यली. म्हटलं, घरातच आहे, तुमच्या अगदी जवळ. म्हणे, मंग दाखवा. म्हटलं, थोडं जाळावं लागेल. त्यांनी मायकडे पाहिलं. मायनं जमिनीकडे.
सोयरीक मोडली. अंगठीच्या बदल्यात माझी सायकल एसटीच्या टपावर चढली. माय ओशाळून म्हणाली, भाऊ, गाडीत लय हादरे बसतात, उशी घेऊन जा पाठीले. मी तोंड उघडलं. माय म्हणे, तू चूप बस.
ते उशी काखेत मारून गेले.

२२ डिसेंबर
शांतपणे विचार केला. माझ्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. अंगठी मी दोनदा परत केली.
भटकणं ठरल्याप्रमाणे बंद आहे. सायकल नाही.