भांड्यांचं मी-मी

४ मार्च, मंगळवार
आजपासून मी कॉम्प्युटरवर. बावीस वर्षं या म्युझियमच्या फरशा पुसल्या, बास झालं. तळघरातल्या एट्रस्कन, म्हणजे इथल्या रोमनांच्याही आधीच्या लोकांच्या, भांड्यांवरच्या खुणांचे फोटो काढून एकेक नोंद करायची. ईस्टरपर्यंत तीनशे झाल्या तर खुर्ची कायमची माझी, नाहीतर परत फरशी, असं डायरेक्टरबाई म्हणाल्या. तीनशे? पंधरा दिवसांत उडवते.

६ मार्च
चाळीस. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही माणसंही माझ्यासारखी पाचवीपर्यंतच शिकलेली दिसतात. सगळी अक्षरं उलटी! फोटो आरशातल्यासारखे पलटवून सरळ केले. कुणाला बोलले नाही. उगाच त्यांची अब्रू जायची.

१३ मार्च, दुपारी
तिकीट खिडकीवरची ओरिएत्ता म्हणे, अगं, कॉम्प्युटर आहे तो, पोतेरं नाही, जरा हळू! जळते मेली. माझ्या डब्यातली आर्टिचोकची भाजी मात्र बोटं चाटत संपवली.

२० मार्च
दोनशे साठ! जवळजवळ प्रत्येक भांड्यावर सुरुवातीला तीच दोन अक्षरं. डायरेक्टरबाई म्हणाल्या, ते 'मी'. भांडंच बोलतं म्हणे : मी लार्थचा वाडगा, मी रामथाची सुरई. काय हा तोरा!

२७ मार्च
दोनशे एक्याऐंशी. पण तीच खूण अडीचशेदा कशाला? एकदा सांगितलंस, कळलं. एक 'मी' ठेवला, बाकीच्या नोंदी फोटोंसकट पुसल्या. पुसण्यात माझा हात कोण धरणार! कॉम्प्युटरातली कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला खपत नाही. उरल्या एकतीस. पण काय लखलखीत यादी!

६ एप्रिल
रोज नवी भांडी उतरवते. सगळी 'मी'च म्हणतात. यादी एकतीसवरच. हट्टी जात.

१७ एप्रिल, गुरुवार
डायरेक्टरबाईंनी यादी उघडली. विचारलं, देल्मा, बाकीच्या कुठे? म्हटलं, साफ केल्या. त्या मटकन माझ्याच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, अगं बाई, 'मी'च्या पुढे मालकाचं नाव असतं, प्रत्येकाचं वेगळं. अडीचशे माणसं होती ती! आणि ते लोक लिहायचेच उजवीकडून डावीकडे. मग पाणी मागितलं. दिलं.

२२ एप्रिल
सगळं पहिल्यापासून. खुर्चीत ओरिएत्ता, फोटो ओरिएत्ता काढणार. मी फळीवरून भांडी उतरवून द्यायची, मग फरशी. म्हणजे कुठलं भांडं आधी, हे मीच ठरवणार. ओरिएत्ता हाताखाली मिळाली तर! सकाळपासून दहादा ओरडली, देल्मे, पुढचं आण, पाय उचल की! मी मुद्दाम सावकाश जाते. साहेबाने धावायचं नसतं.