वेलीवरचा ळ

पिपलानी, भोपाळ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
दुपारी एक वाजून वीस मिनिटे

प्रिय रेवती,

डबा खाऊन, हात दोनदा धुऊन, दुसऱ्या मजल्याच्या बांबूच्या परांचीवर बसून लिहितो आहे. कागदाला सिमेंट लागू नये म्हणून खाली जुनं कॅलेंडर घातलं आहे.

नागपूरहून तुझा कागद येऊन चौदा दिवस झाले. म्हणजे माझाच कागद, तू लाल शाईने तपासून परत पाठवलेला. मी लिहिलं होतं, ‘माझ्याकडे तुझ्यासाठी आयुष्यभर वेल आहे.’ तू ‘वेल’खाली दोन रेघा ओढून विचारलंस, ‘कसली? कारल्याची की दोडक्याची? शुद्ध लिहून परत पाठव.’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नववीपर्यंत हिंदी शाळेत गेलेल्या हाताला ळ पटकन सापडत नाही गं. शेजारी राहत होतीस तेव्हाही तू हीच चूक काढायचीस. ‘आयुष्यभर’ मात्र बरोबर होतं, यु ऱ्हस्व. ते मी चारदा पाहिलं होतं.

आता इथली बातमी. यशवंतकाकांच्या चार मजली इमारतीचं एलिवेशन, म्हणजे दर्शनी बाजूची सगळी सजावट, मला मिळाली. शेजारच्या इमारतीला ग्रीक खांब आहेत, समोरच्यांनी गच्चीवर दोन सिंह बसवलेत. मला हसू यायचं. पण काका म्हणाले, ‘तीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली, सगळ्या ओळी सारख्याच पिवळ्या. एकदा स्कूटर लावून भलत्याच घरात शिरलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागितला. आता आपलं घर लांबून ओळखू आलं पाहिजे.’ तेव्हापासून मी सिंहांनाही हसत नाही.

काकांना बाल्कन्यांखालून जाणारी सिमेंटची वेल हवी होती. वेल म्हटल्याबरोबर माझे कान तापले. साचा कोरायला बसलो आणि शिरोरेघ लांबवली, तीच वेल झाली. तिच्याखाली एक दांडी, दोन गोल पाकळ्या. ळ! साच्यात सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणून दर पाच मिनिटांनी आरसा धरून पाहिलं. छत्तीस ळ ओतले, एकही उलटा नाही.

काल ठेकेदार सुरेशभैया खालून आपल्या भोपाळी बोलीत ओरडले, ‘को खां, बेल पे जलेबी काय कू टांग दी?’ काकांनी चष्मा पुसला, वर पाहिलं आणि पहिलीतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं, ‘ळ, ळ, ळ...’ मग इतके हसले की रस्त्यावरची रिक्षा थांबली. म्हणाले, ‘अरे, हे ह्या गल्लीत फक्त आपल्यालाच वाचता येणार! राहू दे.’ सुरेशभैया अजून जलेबीच म्हणतात.

पुढच्या रविवारी परांची उतरणार आहे आणि तू शनिवारी घरी येतेस, असं तुझी आई म्हणाली. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. तू शुद्ध लिहून मागितलं होतंस, ते लिहितो. माझ्याकडे तुझ्यासाठी आयुष्यभर वेळ आहे. माझ्याशी लग्न करशील? चूक राहिली असेल तर ह्याच कागदावर लाल शाई चालव. नसेल, तर रविवारी ह्या इमारतीखाली उभी राहा आणि मोठ्याने वाच.

तुझाच,
रवींद्र (वीं दीर्घ)