मागच्या खोलीतला आवाज

दि. १४ मार्च, दुपार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं आहोत तसे आहोत. अण्णांना भूक चांगली लागते. व्यायाम करून घेणारी बाई आठवड्यातून तीनदा येते, पण डावा पाय अजून उचलत नाही. काल त्यांनी बोटांनीच तिच्या बाहीचं माप घेतलं आणि "शनिवारी न्यायला या" म्हणाले. चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसलेला माणूस. मला हल्ली 'आई' म्हणतात. आधी दुरुस्त करायची, आता सरळ ओ देते.

तुझा निरोप मिळाला. "ताई, पोरीचे कान भरलेस ना?" एवढंच. चार महिन्यांत आपल्या वडिलांची तब्येत विचारायला सुचलं नाही, असो. चिऊला मी काय सांगितलं ते तुलाही कळवते. फोनवर तू मला पुरं बोलू देणार नाहीस.

मुलाकडची माणसं यायची होती तो रविवार. तुझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून चिऊच्या लग्नाची बैठक आमच्याकडे. आदल्या दिवशी तू म्हणालास, "अण्णा मध्येच बाहेर येऊन काहीबाही बोलले तर? घराण्यात वेड आहे म्हणतील." मी म्हटलं, वेड नाही, आजार आहे, डॉक्टरांनी त्याचं नाव लिहून दिलंय. तू म्हणालास, "ते नाव तुझ्याजवळच ठेव." तीन वर्षं दुसरं काय केलं मी? शेजाऱ्यांना सांगितलं, कमी ऐकू येतं. आत्याला सांगितलं, हवा मानवत नाही. खोटं बोलून बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली.

तर त्या दिवशी अण्णांना झोपेच्या अर्ध्या गोळीऐवजी दोन गोळ्या दिल्या. तू सांगितलंस हे खरं, पण पाण्याचा पेला माझ्या हातात होता. मागच्या खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी लावली.

पुढचं चिऊला मला एका दमात सांगता आलं नाही. आताही पेन दोनदा खाली ठेवलं.

धप्प असा आवाज झाला तेव्हा मी चहा ओतत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग हसून पाहुण्यांना म्हणालास, "वरच्या मजल्यावर काम चाललंय, काही ना काही आपटत असतात." आवाज कुठला ते मला ठाऊक होतं. तरी मी उरलेले कप भरले. साखर विचारली. चिऊच्या नोकरीचं कौतुक केलं. ते लोक उठेपर्यंत पाऊण तास गेला.

कडी काढली तेव्हा तू त्यांना पोचवायला खाली गेला होतास, म्हणून तू हे पाहिलं नाहीस. अण्णा फरशीवर पडलेले, पाय वाकडा, डोळे उघडे. ओरडत नव्हते. मला पाहून हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं का?"

हॉस्पिटलात मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. गोळ्यांचं विचारलं तर म्हटलं, नेहमीची अर्धी.

आता तुला माहीत नाही ते. वाचनालयामागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी घरी असं माणूस सांभाळणारे जमतात. व्यायामाच्या बाईनं पिच्छाच पुरवला म्हणून गेले. एक नर्सबाई ते चालवतात, आपल्याला कळेल अशा साध्या भाषेत बोलतात. गोल मांडलेल्या खुर्च्यांमध्ये अगदी समोर कोण बसलं असावं? चिऊची होणारी सासू.

दोघींनाही पळून जावंसं वाटलं. शेवटी तीच शेजारी येऊन बसली. "तुमच्याकडे कोण?"

"वडील. तुमच्याकडे?"

"सासूबाई. पाच वर्षं झाली. त्या दिवशी त्यांना घरात कोंडूनच आलो होतो." मग खाली बघत म्हणाली, "तो आवाज माणूस पडल्याचा होता, मला कळलं होतं. आमच्याकडे तसाच येतो. मीही चहा पीत राहिले."

धाकट्या, कोणापासून लपवत होतो रे आपण?

मी तिथे सगळ्यांसमोर बोलले. नर्सबाई म्हणाल्या, डॉक्टरांना खरं सांगावं लागेल. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलंय, तुलाही विचारतील. आता नर्सबाईंनी लावून दिलेली मदतनीस रोज सकाळी दोन तास येते, तेवढ्यात मी झोपून घेते. ही मदत तीन वर्षांपूर्वीही मिळाली असती. फक्त तोंड उघडायचं होतं.

लग्न मोडलेलं नाही, घाबरू नकोस. चिऊनं मुलालाच आणून अण्णांपाशी बसवलं. ती तुझ्याशी का बोलत नाही म्हणशील, तर तिनं मला एवढंच विचारलं, "बाबांनी तो आवाज ऐकला होता?" मी हो म्हटलं. माझ्याशीही ती कामापुरतंच बोलते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

अण्णा तुझी आठवण काढतात, असं लिहिणार होते. काढत नाहीत. येणार असशील तर ये, पण बाह्या वर करून ये; त्यांना अंघोळ घालायची असते, कपडे बदलायचे असतात. नुसता भेटायला येऊ नकोस. पाहुण्यांची सरबराई आता माझ्याच्यानं होत नाही.

तुझ्याइतकीच दोषी,
ताई