हळदीच्या मांडवात दोन मशीनं

तीर्थस्वरूप देवजीमामा यांस,

भाचा शेखर याचा दोन्ही हात जोडून (आणि तूर्त सगळ्या वायरींपासून लांब ठेवून) नमस्कार. तुमच्या पायाचं प्लास्टर सुकलं असेल, खाज सुटत असेल, आणि मामी खाजवायला पट्टी देत नसतील, असा माझा अंदाज आहे. आम्ही इकडे उंबरमाळीला सगळे ठीक आहोत. मनस्वीचं लग्न लागलं, ती सासरी सुखरूप पोचली, आईचं रडून झालं, बाबांचं हिशोब विसरून झोपणं चालू आहे. तुमच्या भजनी मंडळाचं स्पीकरचं मशीनही जिवंत आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मधेच ओरडता आणि माझी गोष्ट अर्धी राहते. म्हणून ही चिठ्ठी मशीनच्या खोक्यातच ठेवून रघूच्या टेम्पोतून तुमच्या गावी म्हशाला धाडतोय. कृपा करून आधी चिठ्ठी वाचा, मग मशीन बघा.

झालं असं, की गेल्या महिन्यात शेजारच्या गोजरकाकांच्या मांडवात स्पीकरच्या बॉक्सची भिंत लागली होती. भिंत म्हणजे खरोखरची भिंत, तिच्याआड त्यांचं स्वतःचं घर दिसत नव्हतं. त्या गोंगाटात आपली सकूमावशी धवले, आपली लग्नाची गाणी, म्हणायला बसली होती. (तुमच्या थोरल्या बहिणीबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं, पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर तिचा आवाज फार बारीक झालाय.) दुसऱ्या धवल्यालाच ती उठली, पदर सावरला आणि घरी गेली. त्या दिवसापासून म्हणत होती की आता धवलारीण नको, कुणाला ऐकायचंच नाही. त्यावर आमच्या मनस्वीनं घरात जाहीर केलं, "सकूमावशीचं धवलं मला आईकू आलं नाय, तर मी पाटावर बसणार नाय." नवरी मुलगी असं बोलल्यावर आईचा चेहरा उतरला. मावशीला हातापाया पडून तयार केली. ती एका अटीवर आली: आवाज पोचला नाही तर अर्ध्यातून उठेन, मग मला कुणी अडवायचं नाही.

आता दुसऱ्या बाजूला बाबा. बाबांचं म्हणणं, गोजरांच्यापेक्षा आपला मांडव जोरात वाजला पाहिजे, निदान स्टेशनापर्यंत तरी. आणि तिसऱ्या बाजूला मी, मामा. चार वर्षं गिटार शिकतोय, आणि या गावात ती अजून कुणी धड ऐकलेली नाही. बँजो पार्टीत मला घेतात ते फक्त सामान उचलायला. घरच्या लग्नातही वाजवायचं नाही तर कुठे वाजवायचं? माझ्या गिटारच्या अँपचा आवाज उघड्या मांडवात म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजावं इतपत. म्हणून तुमचं मशीन आणलं. (मंडळाच्या पेटीला जोडतो असं मी सांगितलं होतं. पेटी आणि गिटार यांत तसा फारसा फरक नाही.) बेत सोपा होता: गिटार माझ्या अँपमध्ये, अँपमधून एक वायर तुमच्या मशीनमध्ये, माझा बॉक्स मांडवाच्या एका टोकाला, तुमचा दुसऱ्या टोकाला, तोंडं समोरासमोर. एकाचे दोन झाले की आवाज दुप्पट. मधोमध मनस्वीचा पाट, आणि पाटाशेजारी मावशी. या शेवटच्या गोष्टीचा विचार मी केला नव्हता असं नाही. केला होता, आणि मग सोडून दिला होता.

शहापूरहून वायर आणली ती दोन्ही दोऱ्या पांढऱ्या असलेली. मशीनला मागे एक लाल आणि एक काळं बटण असतं, कुठली दोरी कुठे जाते ती खूण पाहिजे. पट्टी नव्हती, पेन सापडेना. हळदीच्या घरी हाताशी काय असणार? एका टोकाला कुंकू लावलं, म्हणजे ते लाल बटणाचं. दुसऱ्याला हळद, म्हणजे काळ्याचं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी हात धुवायला गेलो. तेवढ्यात प्रेमाकाकी ताट घेऊन आली. तिनं पाहिलं की पोरानं मशीनची पूजा काढली आणि अर्ध्यातच सोडली. शुभकार्यात असं अर्धवट बरं दिसतं का? तिनं वायरीच्या सगळ्या टोकांना हळदही लावली आणि कुंकूही लावलं. दोन्ही मशीनांना बोटं ओढली, गिटारला लावलं, मी आलो तर मलाही लावलं आणि नमस्कार करायला लावला. आता कुठलं टोक कुठलं, ते एका देवालाच माहीत. तोवर नवरदेवाकडची उष्टी हळद दारात आली होती. मी अंदाजानं दोऱ्या खोचल्या.

बटण दाबल्यावर आधी घूं असा आवाज आला. धाऊआजोबा आग्या मोहोळ उठलं म्हणून उठले, त्यांच्यामागे वाढपी उठले. ते आवरलं, आणि मावशीनं पहिला धवला उचलला. मी एका टोकाला, माझ्या बॉक्सला खेटून उभा. तिकडून बाबा हात वर करून "वाढव, वाढव" करत होते, मी वाढवत होतो. माझे कान बसले होते. मनात म्हटलं, मेलो, आता मावशी उठणार. पण हात थांबत नव्हता, इतकं चांगलं वाजत होतं. मावशी उठली नाही. उलट मान ताठ करून म्हणतच राहिली. बायका सरकत सरकत मधे गोळा झाल्या, मनस्वी पाटावर डोळे पुसत होती, आईही पुसत होती. मामा, मला वाटलं हे सगळं माझ्या गिटारमुळे चाललंय. मीही डोळे पुसले.

नंतर मावशीनं मला जवळ बोलावलं. हळदीच्या हातानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती दिसांनी माझा आवाज मला आईकू आला रे. तू बारीक वाजवलंस म्हणून." मी खाली मान घालून उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, पोरगा किती नम्र आहे.

दुसऱ्या दिवशी कोडं उलगडलं. एका बॉक्सच्या दोऱ्या उलट्या लागल्या होत्या. एक बॉक्स हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि बरोबर मधोमध, जिथे पाट होता, तिथे दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं. कडेला धडाम, मधे जवळजवळ गप्प. दोन मशीनं जोडून आवाज कमी करणारा माणूस तालुक्यात मीच असेन. घरी दोऱ्या सरळ करून एकदा वाजवून बघितलं, तर म्हशीनं दावं तोडलं. मांडवात हे असं वाजलं असतं तर काय झालं असतं, हे मनात आलं की अजून हायसं वाटतं आणि मी देवाला हात जोडतो. प्रेमाकाकीलाही जोडायला पाहिजेत, पण ती कारण विचारील.

मामींना नमस्कार, तुमच्या किशोरला आशीर्वाद नको, तो माझ्याहून मोठा आहे.

आपला,
शेखर

ता. क. मशीनवरचं कुंकू पुसलं जात नाही. मंडळाला सांगा की पूजा करून पाठवलंय.

ता. क. दुसरा. किशोरच्या लग्नात धवले म्हणायला मावशी तयार आहे, पण मीच वाजवलं पाहिजे म्हणते. दोऱ्या उलट्या लावायला मी तयार आहे. अडचण बाबांची. त्यांना अजून वाटतं की मशीनं कमी पडली, म्हणून ते रविवारी तुमच्याकडे तिसरं मागायला येतायत. दोन एकमेकांना गप्प करतात, तिसऱ्याला गप्प कोण करणार? अख्ख्या मुरबाडात तिसरं मशीन नाही असं सांगा.

ता. क. शेवटचा, खरं तर यासाठीच लिहायला बसलो. तुम्हाला येता आलं नाही म्हणून मी हळदीत फोन लावून ठेवला होता, तो माझ्या बॉक्सवर ठेवला होता. म्हणजे माझी गिटार नीट ऐकलेले जगात तुम्ही एकटेच, आणि मावशीचा एक शब्द न ऐकलेलेही तुम्ही एकटेच. ती रोज विचारते, देवजीला आईकू गेलं का. मी अजून काही बोललेलो नाही. उद्या ती तुम्हाला फोन करील. खोटं बोलू नका, फक्त म्हणा, "अक्का, पुन्हा म्हण." ती म्हणेल. मी तोवर गिटार घेऊन ओढ्यापलीकडे जाऊन बसतो.